मामाची गप्प बसण्याची पैज

माझा मामा, क्वासी अम्पोन्सेम, दिवसभर गप्प असायचा. हे ऐकून आमच्या असुबोआ गावातलं कुणीही पोट धरून हसेल, पण ते खरं आहे. मामा चपला करायचा. दरबारात जाताना घालायच्या, जाड तळव्याच्या, काळ्या कातड्याच्या. आणि चपला करणाऱ्याचे खिळे असतात ओठांत. सकाळी आठ बारके खिळे ओठांत धरून तो आंब्याखाली बसला की ऊन उतरेपर्यंत उठत नसे. गिऱ्हाईक काही विचारायला आलं तर मान हलवायचा, नाहीतर हातोडी उगारून 'उद्या ये' असं सांगायचा. आत साठलेलं बोलणं मग संध्याकाळी बाहेर पडायचं, आणि पडायचं ते नेमकं दुसऱ्याच्या गोष्टीत.

आमच्या गोष्टी कोळ्याच्या. आठ पायांचा, जाळं विणणारा, लबाड, खादाड, सगळ्यांना फसवून शेवटी स्वतःच फसणारा. लाडाने आम्ही त्याला कोळोबा म्हणतो. गोष्टीत तो नसला तरी ती कोळ्याचीच गोष्ट. दिवस मावळल्यावरच सांगायची, उजेडात कधी नाही. आणि गोष्ट रंगात आली असताना ऐकणाऱ्यातल्या कुणीही उठून ओरडावं, "मी होतो तिथे त्या दिवशी!" की सांगणाऱ्याने थांबायचं. उठलेल्याने गाणं म्हणायचं, बाकीच्यांनी टाळ्या धरायच्या, ज्याला नाचायचंय त्याने नाचायचं. गाणं संपलं की म्हणायचं, "हं, आता चालू दे." म्हणजे भर गोष्टीत तोंड घालणं हा आमच्याकडे उद्धटपणा नाही, तो मान आहे.

मामाला स्वतःला गोष्ट सांगता येत नसे. कोळोबा घरातून निघायच्या आत तो शेवट सांगून मोकळा व्हायचा. पण तोंड घालावं तर मामानेच. कोळोबा हत्तीच्या शेतात शिरला की हा उठलाच, "मी होतो तिथे त्या दिवशी! त्याच कणगीमागे लपलो होतो!" आणि जागच्या जागी गाणं जुळवायचा. आवाज तर असा की ओढ्यापलीकडच्या घरातल्या बायका मुसळं टाकून यायच्या. हळूहळू गावातल्या बाकीच्यांनी उठणंच सोडून दिलं. मामा आहे म्हटल्यावर आपण कशाला गुडघे दुखवून घ्यायचे?

आई गेल्यावर मी मामाच्या घरातच वाढले आणि पुढे तिथेच शिवणयंत्र टाकलं. त्यामुळे मामाचं सगळं मला ठाऊक. त्याची बायको लग्नानंतर तीन वर्षांत तापाने गेली, मूलबाळ नव्हतं. आणि गेली कित्येक वर्षं त्याचं मन अजोआ पिनामांगवर होतं, हेही मला ठाऊक होतं. त्याला वाटायचं, कुणालाच ठाऊक नाही.

पिनामांगमावशी गाड्या थांबतात त्या फाट्यावर निखाऱ्यांवर पिकलेली केळी भाजायची आणि शेंगदाण्याच्या पुडीबरोबर विकायची. नवरा गेलेला, मुलं कुमासी शहरात नोकरीत. आणि गोष्ट सांगण्यात तिचा हात धरणारं आसपासच्या चार गावांत कुणी नव्हतं. बिबट्या बोलला की तिचा गळा फुगायचा, मुंगी बोलली की सगळ्यांना कान पुढे करावे लागायचे. मामाने तोंड घातलं की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "आला! अरे, तुला खाज सुटते का मी बोलायला लागले की?" असं दर वेळी म्हणायची आणि गाणं संपेपर्यंत पायाने ताल धरायची. तो पाय मी बघत आलेय लहानपणापासून.

मामा चोपन्न वर्षांचा असताना एका दुपारी धुतलेलं कापड खांद्यावरून घेऊन फाट्यावर गेला. मी शेंगदाणे घ्यायला गेले होते, म्हणजे ऐकायला. मामाने तीन केळी मागितली आणि तिन्ही संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग हात पुसले.

"पिनामांग, तू एकटी आहेस. मीही एकटा."

"बरं मग? हे केळंही एकटंच राहिलंय. घेतोस?"

"माझ्याशी लग्न कर."

तिने केळं उलटं केलं. "तुझ्याशी? वीस वर्षं झाली, एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस मला."

"ते गोष्टीत गं. घरात मी गप्प असतो."

"एफिया, असतो का गं हा घरात गप्प?"

"नाही," मी म्हणाले. त्यावर मामाने माझ्याकडे असं पाहिलं की रात्री माझ्या ताटात कंद कुटून केलेल्या फुफूचा गोळा लिंबाएवढा पडणार हे मी ओळखलं. पडलाही तेवढाच.

मावशी हसली नाही. विस्तव सारखा करत म्हणाली, "एक काम कर. माझी एक गोष्ट ऐक. एकच. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या गावासमोर, तोंड न उघडता. ऐकलीस की दुसऱ्या दिवशी बाटल्या घेऊन ये माझ्या भावाकडे. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बाटल्या म्हणजे लग्न. आमच्याकडे पुरुषाच्या घरच्यांनी बाईच्या घरच्यांपुढे दारूच्या दोन बाटल्या ठेवायच्या आणि त्यांनी त्या तिला विचारून स्वीकारायच्या. त्या स्वीकारल्या गेल्या नाहीत, तर तीस वर्षं एका चुलीवर जेवा, लग्न झालं नाही. मामाने त्याच संध्याकाळी दोन बाटल्या विकत आणल्या आणि कातड्याच्या भेंडोळ्यांवरच्या फळीवर ठेवल्या. मी म्हटलं, "मामा, पैज तर जिंक आधी." तो म्हणाला, "पोरी, गप्प बसायला काय अक्कल लागते?"

पैजेच्या दिवशी अंधार पडता पडता सगळं गाव चावडीपुढच्या मोठ्या झाडाखाली जमलं. मावशीचा थोरला भाऊ अदाई पंच म्हणून पुढे बसला. मामा आला तो ओठांत आठ खिळे धरूनच. लोक खिदळले. अदाई म्हणाला, "हे चालेल का गं?" मावशी म्हणाली, "तोंडाला कुलूप लावून आला तरी चालेल. मला काय?"

आणि तिने सुरू केलं. "मी हे पाहिलेलं नाही, ज्याने पाहिलं त्याला मी भेटलेली नाही, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका, नुसतं ऐका. एकदा हत्तीराजाने जेवण घातलं. दवंडी पिटली की अनवाणी यायचं नाही, ज्याच्या पायांत चपला असतील त्यालाच आत सोडणार. कोळोबाला भूक तर लागलेली, पण पाय आठ. गेला धावत कासवाकडे. कारण त्या काळी जंगलात चपला करायचं काम कासवाकडे होतं."

चपला! सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या. ती मुद्दाम त्याच्या धंद्यात शिरली होती. मामाने डोळे मिटले.

"कासवाने कातडं घेतलं, ते न भिजवताच कापलं."

मामाच्या मानेची शीर उडाली. कोरडं कातडं कापतात का कुठे?

"अंगठे शिवले केळीच्या सोपटाने."

मामाने दोन्ही हातांनी बाकडं धरलं.

"आणि आठ चपला केल्या, त्या आठही डाव्या!"

गाव लोळायचं बाकी होतं. मामाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ओठ हलले नाहीत. पोरं त्याच्या पुढ्यात जाऊन "डाव्या! डाव्या!" म्हणून नाचली. तो झाडासारखा बसून राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा जिंकणार.

मावशीलाही तसं वाटलं असावं, कारण ती घाईने पुढे निघाली. कोळोबा आठ डाव्या चपला घालून गोल गोल फिरत हत्तीच्या दारी पोचला. दारात नवीनच फर्मान, राजापुढे जाताना चपला उतरवायच्या! हे तर आम्हाला ठाऊकच आहे, राजापुढे पायांत चपला ठेवून कोण उभं राहतं? कोळोबा बसला उतरवत. एक उतरवली, आत भात वाढला. दुसरी उतरवली, आत रस्सा वाढला. तिसरी, चौथी, आत हाडं चोखल्याचे आवाज. सहावी, सातवी. आठवी चप्पल...

"आठवी चप्पल," मावशी म्हणाली.

आम्ही थांबलो.

"तर ती आठवी चप्पल..."

आणि ती अडकली. मी आयुष्यात तिला अडकलेलं पाहिलं नव्हतं. मग ध्यानात आलं, ती कधी एवढा वेळ सलग बोललीच नव्हती. वीस वर्षं मामा मध्ये उठायचा, तो गायचा तेवढ्यात ती श्वास घ्यायची, घोटभर पाणी प्यायची आणि पुढचं मनात जुळवायची. आता कुणी उठेना. बाकीच्या गावाला तर उठायची सवयच राहिली नव्हती. मागे बसलेली एक बाई खुदकन हसली. मावशीच्या ओठावर घामाचे थेंब दिसायला लागले. तिने हात वर केला, तसाच धरला, कापडाचं टोक उगाच सारखं केलं. अदाईने मान खाली घातली. मला तिच्याकडे बघवेना.

मामा बघत होता. त्याने शांतपणे एकेक करत आठही खिळे तळहातावर काढले. मी त्याचं कापड ओढलं. "मामा, नको. थोडंच राहिलंय." त्याने माझा हात सोडवला आणि उठला.

"मी होतो तिथे त्या दिवशी!"

झाडावरची पाखरं उडाली असतील. मामा दोन्ही हात पसरून गायला लागला.

"आठ पायांचा पाहुणा आला,
कासवदादा, खिळा दे!
एक ठोकला, सात राहिले,
कासवदादा, खिळा दे!"

सगळं गाव टाळ्या धरून उठलं. मावशी मागे वळून मडक्यातलं पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि तिचा पाय ताल धरू लागला. गाणं संपलं. मामा म्हणाला, "हं, आता चालू दे." आणि मगच त्याला आपण काय करून बसलो ते कळलं. तो मटकन बाकड्यावर बसला.

"हरला," अदाई म्हणाला. "सगळ्या गावादेखत हरला."

"हरलो कसा?" मामा उसळला. "पैज होती ऐकणाऱ्याने गप्प बसायची. मी ऐकणारा कुठे, मी साक्षीदार! मी होतो तिथे!"

"कुठे होतास? हत्तीच्या दारात?"

"कासवाच्या दुकानात! आठ डाव्या चपला होत असताना मी तिथे नसतो, तर त्या पायांत तरी गेल्या असत्या का?"

यावर जी हमरीतुमरी झाली ती जमिनीच्या तंट्यालाही होत नाही. निम्मे मामाकडून, निम्मे अदाईकडून. शेवटी मावशीने हात वर केला. "पैज काय होती? गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवट झाला का? नाही. मग निकाल कसला लावताय? उरलेली गोष्ट नंतर सांगेन. तोवर पैज उभी." आणि कापड झटकून घरी गेली.

ते 'नंतर' अकरा वर्षं लांबलं.

या अकरा वर्षांत तिने शेकडो गोष्टी सांगितल्या आणि मामाने प्रत्येकीत तोंड घातलं. तिचं छप्पर मामाने शाकारलं. मामाच्या संधिवाताला तिने पाला वाटून दिला. रोज संध्याकाळी फाट्यावरून परतताना ती एक भाजलेलं केळं आमच्या ओट्यावर ठेवायची, म्हणायची, "उरलं होतं." रोज एकच कसं उरायचं ते कोळोबालाच माहीत. दर नाताळला मामा तिला चपलांचा जोड करून द्यायचा आणि म्हणायचा, "एक डावी, एक उजवी, मोजून घे." फक्त त्या एका गोष्टीचं नाव ती काढत नव्हती. बाटल्या फळीवर तशाच होत्या. पोरं फाट्यावर तिला विचारायची, "मावशी, आठव्या चपलेचं काय झालं?" ती म्हणायची, "अजून निघत नाहीये."

एकदा केळी सोलता सोलता मी चिडून म्हणाले, "सांगून टाक ना ती गोष्ट. माणूस म्हातारा होत चाललाय. मला तुला मामी म्हणायचंय, किती वर्षं मावशी म्हणू?"

तिने सुरी खाली ठेवली. "सांगितली आणि तो पुन्हा मध्ये बोलला तर? मग हरलाच ना? सगळ्या गावापुढे 'नाही' म्हणावं लागेल मला."

"आणि नाही बोलला तर?"

"नाही बोलला, तर तो गप्प बसायला शिकला म्हणायचं. मग त्याच्याशी लग्न करून मी काय करू?"

स्वतःच विणलेल्या जाळ्यात ती स्वतःच बसली होती आणि तिथून निघायची वाट तिलाही दिसत नव्हती. मला हसू आलं आणि रडूही.

मग मामाच्या गळ्याला गाठ आली. आधी सुपारीएवढी, वर्षभरात पेरूएवढी. गिळायला त्रास व्हायला लागला तसं मी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कापून काढावी लागेल. आणि नंतर दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही."

"आवाज राहील ना?" मी विचारलं.

"बहुतेक राहील. पण गाठ फार जवळ आहे, खात्री देता येत नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांत खिळे असल्यासारखी नुसती मान हलवली.

गाठ निघाली. मामा शुद्धीवर आला तो गळ्याभोवती पट्टी आणि हातात मी विकत आणलेली पाटी. त्याचं शिक्षण जेमतेम तीन यत्ता. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, "मीठ नाही". दुसऱ्या दिवशी, "शेजारी घोरतो". तिसऱ्या दिवशी काही लिहिलं नाही, चौथ्याही दिवशी नाही. पाचव्या दिवशी मी वेणी घालत होते तेव्हा त्याने पाटी माझ्यापुढे धरली. "नाही आला तर?" मी पाटी पुसून टाकली. दुसरं काय करणार होते?

सहाव्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेला, पिनामांगमावशी आली. डोक्यावर टोपली, अंगावर सणाचं मोठं कापड. तिने टोपली खाली ठेवली, मामाच्या गळ्याकडे एकदा पाहिलं, पाटी उचलून बाजूला ठेवली आणि अंगावरचं कापड सोडून खाटेच्या दांड्यांवर टाकलं. मग मामाचं डोकं, स्वतःचं डोकं आणि वाकून बघणारं माझंही डोकं त्या कापडाखाली घेतलं. आत उकडत होतं, धुराचा आणि आल्याचा वास येत होता.

बाहेरून परिचारिकेचा आवाज आला. "अहो, काय चाललंय हे?"

"रात्र झालीय," मावशी आतून म्हणाली.

"साडेतीन वाजलेत!"

"तुमच्याकडे. आमच्याकडे झाली रात्र." आणि ती मामाकडे वळली. "तर, कोळोबा हत्तीच्या दारात बसलाय. सात चपला उतरवल्यात. आठवी चप्पल..."

मामाचे डोळे मोठे झाले. अकरा वर्षं थांबलेलं वाक्य तिने असं उचललं होतं जणू काल संध्याकाळी खाली ठेवलं होतं.

"आठवी चप्पल," ती पुन्हा म्हणाली आणि थांबली. इथेच. नेमकं इथेच. खाटेपलीकडे सगळी खोली गप्प झाली होती, घोरणारा शेजारीसुद्धा.

मामाची छाती वर झाली. तोंड उघडलं. तो खरंच बोलणार होता. आवाज गेला तर जाऊ दे, पण ती अडलीय तर मी उठणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मी त्याला पासष्ट वर्षांच्या शहाण्या माणसासारखं वागताना कधी पाहिलंच नाही.

मावशीने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आज नको," ती म्हणाली. "मी अडले नाहीये. अकरा वर्षं मला ती पाठ आहे. आज गप्प बस. आज जिंक रे बाबा."

मामा निजल्या निजल्या रडायला लागला. तिने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने मला कोपर मारलं. "आणि तू काय बघत बसलीस? श्वास नको का घ्यायला मला?"

मी गावात कधी उठले नव्हते. पण कापडातून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "मी होते तिथे त्या दिवशी!" माझा आवाज म्हणजे फुटका डबा. तरी मामाचं गाणं म्हटलं, 'कासवदादा, खिळा दे' म्हटलं. दुसऱ्या कडव्याला घोरणाऱ्याने टाळी धरली, मग खिडकीजवळच्या पाय मोडलेल्याने, मग सगळ्यांनी. परिचारिका रागवायला आली होती, ती ट्रेवर ताल धरून उभी राहिली. कापडापलीकडे मला मामाचे पाय दिसत होते, चादरीखाली नाचत होते बिचारे.

"हं, आता चालू दे," मी म्हणाले.

"आठवी चप्पल काही निघेना," मावशी सांगू लागली. "आत पंगत उठायची वेळ झाली. तेव्हा कोळोबा दारातूनच ओरडला, 'अहो, भात खालून करपलाय! करपलेलं खाल्लं तर सोंड गळून पडते!' सगळे घाबरून पातेली तशीच टाकून पळाले. कोळोबा एकटाच दारात. चप्पल अजून पायात. इतक्यात कोण आलं? कासव. तेही निमंत्रित होतं, पण चालीने कासवच. त्याने वाकून ती चप्पल सोडवली. त्याचीच गाठ ती, त्यालाच सुटणार. म्हणालं, 'कोळोबा, उशीर झाला रे, सगळे जेवून गेले.' कोळोबा म्हणाला, 'उशीर झाला म्हणून तर आपण दोघंच आहोत. बस.' मग दोघांनी पातेल्याच्या बुडाची खरवड काढून खाल्ली. आणि ती खरवड, क्वासी, त्या जेवणातली सगळ्यात चविष्ट होती. संपली गोष्ट."

तिने हात काढला. मामाने तोंड उघडलं नाही. तिने कापड बाजूला केलं, लख्ख उजेड आत आला. मामाने चाचपडत पाटी ओढली आणि मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "बाटल्या आण".

दहा दिवस झाले. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, म्हणाल्या, "हं, काही बोला." मामाने जोर लावला. नुसती हवा आली. "वेळ लागेल," बाई म्हणाल्या. परतीच्या गाडीत मामा सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होता. गावात लोक भेटायला आले, तो नुसता हसायचा आणि पाटी दाखवायचा. खिळे ओठांत धरून आंब्याखाली बसला तेव्हा पहिल्यासारखाच दिसला, आणि संध्याकाळी खिळे काढल्यावरही तसाच गप्प राहिला. मला ते सहन व्हायचं नाही. फळीवरून बाटल्या काढायला गेले तर दोन्हींना मिळून एका कोळ्याने दाट जाळं विणलेलं. मी फडकं घेतलं, तर मामाने पाटीवर लिहिलं, "राहू दे".

तशाच जाळ्यासकट बाटल्या आम्ही अदाईपुढे ठेवल्या. अंगण माणसांनी भरलेलं. बासष्ट वर्षांच्या नवरीला घरातून आणून बसवलं. रीत अशी की तिला तीनदा विचारायचं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की तिच्या मनात नव्हतं.

"अजोआ," अदाई म्हणाला, "या बाटल्या घ्यायच्या का? एकदा घेतल्या की परत द्यायची पाळी आणू नकोस."

"घ्या."

"घ्यायच्या का?"

"घ्या म्हटलं ना."

"तिसऱ्यांदा विचारतो. घ्यायच्या का?"

मावशीने कापड सावरलं. सगळं गाव समोर बसलेलं, आणि ती गोष्ट सांगणारी बाई. एका शब्दात थोडीच उरकणार? "आता तुम्ही विचारताच आहात," तिने सुरू केलं, "तर अकरा वर्षांपूर्वी या माणसाने माझी तीन केळी खाल्ली, आणि तेव्हापासून मी..."

"मी होतो तिथे त्या दिवशी!"

कातड्यावर कानस घासावी तसा आवाज. चिरका, खरखरीत, अर्धा हवेचा. पण आवाज! मामा उभा होता, दोन्ही हात पसरून, आणि आमच्याइतकाच स्वतःही चकित झाला होता.

मग सगळं अंगण उठलं. मामा ओढ्यातल्या बेडकासारखा 'कासवदादा' गात होता, अदाई पंचपणा विसरून नाचत होता, मी भोकाड पसरून रडत होते. मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले आणि म्हणाले, "मामी! मामी, आला आवाज!"

मामी कमरेवर हात ठेवून उभी होती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि खाली पाय ताल धरत होता. "आला!" ती ओरडली. "अरे, आजच्या दिवशी तरी मला वाक्य पुरं करू देशील की नाही?"

नाहीच करू दिलं. गाणं संपेपर्यंत अदाईने बाटली फोडून सगळ्यांना वाटलीही होती, त्यामुळे तिचं तिसरं उत्तर राहूनच गेलं. अजून भांडण झालं की मामी भाजलेलं केळं त्याच्या पुढ्यात आदळते आणि बजावते, "ध्यानात ठेव, मी अडीच वेळाच हो म्हटलंय."